पुरात वळवलेले फोन: सांगलीतल्या एका औषध पेढीच्या प्रॉक्सी सर्व्हरचा प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

ही सांगलीतली औषधांची घाऊक पेढी. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही बदलले आहेत. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ऑर्डर घेणाऱ्या टेबलाची सूत्रं तात्यांकडे. मी बाहेरून त्यांचं नेटवर्क आणि फोन सांभाळतो.

जिल्ह्यातले मेडिकल दुकानदार आणि मिरजेतली रुग्णालयं सकाळी फोनवर मागणी नोंदवतात. व्हॉट्सॲपवर यादी टाकणारेही आहेत. पण "ही कंपनी नसली तर त्याच घटकाची दुसरी देऊ का?" हा सवाल-जवाब फोनवरच होतो, आणि धंदा त्या सवाल-जवाबावरच चालतो.

ऑफिस हरभट रोडच्या बाजूला, तळमजल्यावर. गोदाम कुपवाड एमआयडीसीत. एक छोटी शाखा विट्याला. तिन्ही ठिकाणी मिळून 22 फोन, सगळे इंटरनेटवर चालणारे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा ऑफिससोबत टेलिफोनचा सर्व्हरही पाण्यात गेला. त्यानंतर सर्व्हर कुपवाडच्या गोदामात हलवला. टेलिफोन कंपनीची फायबर आणि दहा चॅनलची सिप ट्रंकही तिथेच घेतली. सिप ही इंटरनेटवरून कॉल लावण्याची भाषा, आणि ट्रंक म्हणजे बाहेरच्या जगाशी जोडणारी तार: दहा चॅनल, तर एका वेळी आत-बाहेर मिळून दहाच कॉल. आता पूर आला तरी फोनला धोका नाही असं आम्ही धरून चाललो. सर्व्हरपुरतं ते खरंही होतं.

सर्व्हरवर कामाइलिओ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. बर्लिनच्या फ्राउनहोफर फोकस संस्थेत 2001 च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या सिप एक्स्प्रेस राउटरच्या घराण्यातलं. ही प्रॉक्सी आहे, जुन्या अर्थाचं एक्स्चेंज नव्हे. एक्स्चेंज कॉल स्वतः उचलतं आणि दुसरा कॉल स्वतः लावतं. प्रॉक्सी पाकिटावरचा पत्ता वाचते, कुणाकडे जायचं ते ठरवते आणि पाकीट पुढे सरकवते. आतला आवाज तिला ऐकू येत नाही. बावीस फोनांच्या पेढीला एवढी यंत्रणा कशाला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. माझ्या आधीच्या माणसाने ती बसवली होती आणि ती नीट चालत होती.

फोन वळवण्याची सोयही त्यानेच करून ठेवली होती. ऑर्डर टेबल एंगेज असेल किंवा वीस सेकंदांत कुणी उचलला नाही, तर कॉल शेजारच्या टेबलावर जायचा आणि तिथूनही परतला तर तात्यांच्या मोबाइलवर. दोन वर्षं एकही तक्रार नव्हती.

## अडचण

22 जुलै 2021, गुरुवार. कोयनेच्या पाणलोटात आणि महाबळेश्वरला पाऊस कोसळत होता. सांगलीत 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी, हे आकडे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहेत. 2019 चा धडा ताजा असल्यामुळे अण्णांनी शुक्रवारी सकाळीच माल, संगणक आणि वह्या हलवल्या. दुपारी त्या भागातली वीज तोडली. फोनची डबडी टेबलावरच राहिली; कुणाच्या लक्षातच आली नाहीत.

संध्याकाळी मला अण्णांचा फोन. "अरे, तासगावचा एक गिऱ्हाईक विचारतोय, धंदा बंद केलात काय? म्हणे नंबरच अस्तित्वात नाही अशी टेप वाजतेय."

मी स्वतः लावून बघितला. खरंच, नंबर अस्तित्वात नाही! दुसऱ्या कुणाला दुपारी अर्धा मिनिट नुसती शांतता ऐकू आली होती आणि मग तात्यांनी उचलला होता. तिसऱ्याने शांतता ऐकून आधीच ठेवून दिला होता. नंबर एक, अनुभव तीन.

सर्व्हरची नोंदवही उघडल्यावर कोडं सुटलं. 'फोन उचलत नाही' ही एकच अवस्था आहे असं आमच्या कॉन्फिगरेशनने धरलं होतं. प्रत्यक्षात त्या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत.

पहिली, फोन चालू आहे पण माणूस नाही. रिंग जाते, वीस सेकंद होतात, कॉल वळतो. एवढीच अवस्था आम्ही तपासलेली होती.

दुसरी, फोनची वीज गेलीय पण सर्व्हरला ते कळलेलं नाही. आमचे फोन तासाभराच्या मुदतीने आपला पत्ता नोंदवत. वीज गेली तरी ती मुदत संपेपर्यंत प्रॉक्सी जुन्या पत्त्यावर कॉल पाठवत राहते. तिकडून काहीच उत्तर येत नाही, अगदी 'थांबा, बघतो' एवढंही नाही. प्रॉक्सी ठरलेले 30 सेकंद वाट बघते, मग स्वतःच 408 म्हणजे 'वेळ संपली' असं मानते आणि कॉल वळवते. ऐकणाऱ्याला तोवर रिंगही ऐकू येत नाही. अर्धा मिनिट शांतता कोण ऐकत बसणार?

तिसरी, तासाची मुदत संपली आणि फोन यादीतूनच गेला. इथे खरा घोळ होता. कामाइलिओत फोन वळवण्याचं काम सहसा फेल्युअर राउट नावाच्या भागात लिहितात, आणि तो भाग कॉल कुठेतरी पाठवल्यानंतर नकार आला तरच चालू होतो. यादीत फोन नसेल तर कॉल पाठवलाच जात नाही. मुख्य भागातच 404 म्हणजे 'सापडला नाही' असं उत्तर देऊन विषय संपतो. टेलिफोन कंपनीच्या बाजूला 404 चा अर्थ 'असा नंबर दिलेलाच नाही' असा होतो, आणि ती इमानदारीने तशी टेप वाजवते.

म्हणजे फॉरवर्डिंगची सगळ्यात जास्त गरज जेव्हा होती, नेमकं तेव्हाच ते वाटेतून गायब होतं.

## कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय अण्णांनीच सुचवला: टेलिफोन कंपनीला सांगा, सगळे नंबर एका मोबाइलवर वळवा. सोपा, पण लेखी अर्ज लागणार होता आणि शुक्रवारी रात्री तो घेणारं कुणी नव्हतं. शिवाय गोदाम आणि विटा ठीक चालू होतं, त्यांचे नंबर वळवायचं कारणच नव्हतं.

दुसरा, फोनच्या डबड्यावरूनच फॉरवर्ड लावणं. तेव्हा डबडं स्वतः 302 उत्तर देतं, म्हणजे 'मी आता तिकडे आहे, तिकडे पाठवा'. बंद डबडं काहीच सांगू शकत नाही. हा पर्याय आपोआप बाद झाला.

तिसरा, ऑर्डर टेबलावरच्या चौघांच्या मोबाइलवर सॉफ्टफोन टाकायचा, म्हणजे त्यांचा मोबाइलच एक्स्टेन्शन होईल. माझं मन याच्याकडे ओढत होतं. कॉल करणाऱ्याचा नंबर दिसतो, प्रत्येक कॉलला दोन चॅनल लागत नाहीत, फॉरवर्डचा खर्च नाही. पण पुरात कुणाचा डेटा चालेल, कुणाची बॅटरी टिकेल, हे कोण सांगणार? तात्यांना तर ते ॲप फोनवरून समजावून सांगायचं होतं. त्यांना मी ओळखतो.

चौथा, प्रॉक्सीवरचंच फॉरवर्डिंग दुरुस्त करायचं. रात्री नऊ वाजता हाच घेतला. निर्णय बरोबर होता असं अजूनही वाटतं. घाई मात्र चुकीच्या ठिकाणी झाली, ते पुढे येईलच.

## पहिली दुरुस्ती

फॉरवर्डचे नंबर डेटाबेसच्या एका तक्त्यात होते: एंगेज असेल तर कुठे, उचलला नाही तर कुठे. त्यात 'गैरहजर असेल तर कुठे' ही चौथी जात वाढवली (कायमचं फॉरवर्ड ही तिसरी आधीपासून होतीच). फोन यादीत सापडला नाही, तर 404 देण्याआधी हा रकाना बघायचा. त्यात नंबर असेल तर पत्ता बदलून कॉल ट्रंककडे. नसेल तर 404 ऐवजी 480, म्हणजे 'सध्या उपलब्ध नाही'. निदान धंदा बंद झाल्याची वदंता तरी उठणार नाही.

अर्ध्या मिनिटाची शांतता घालवण्यासाठी पहिल्या उत्तराची मुदत 30 वरून 5 सेकंदांवर आणली. जिवंत फोन सेकंदाच्या आत काहीतरी उत्तर देतोच. ही मुदत फक्त आपल्या फोनांकडे जाणाऱ्या कॉलला लावली, ट्रंककडे जाणाऱ्याला नाही.

पहिली चाचणी 403, म्हणजे 'मनाई', खाऊन परतली. कारण साधं होतं: वळवलेल्या कॉलवर दुकानदाराचा नंबर 'कॉल करणारा' म्हणून जात होता, आणि आमच्या ट्रंकवर पेढीला दिलेल्या नंबरांशिवाय दुसरा नंबर दाखवायला परवानगी नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर कुणीही कुणाच्याही नावाने फोन करेल. मग कॉल करणाऱ्याच्या जागी पेढीचा नंबर घातला आणि मूळ कॉल कुणासाठी होता हे सांगणारं डायव्हर्शन हेडर सोबत जोडलं. कंपनीने कॉल घेतला. हेडरकडे बघितलंही नसावं, कारण मोबाइलवर पेढीचाच नंबर दिसत होता.

याचा अर्थ, फोन उचलणाऱ्याला समोर कोण आहे ते कळणार नाही, आणि मिस्ड कॉल झाला तर उलट फोन कुणाला करायचा तेही कळणार नाही. त्यावर जुगाड केला. दर पंधरा मिनिटांनी गोदामातल्या एका पोराने सर्व्हरच्या नोंदीतून न लागलेले नंबर काढायचे आणि पेढीच्या ग्रुपवर टाकायचे. दिसायला गावठी, पण चारही दिवस यानेच लाज राखली.

तक्त्यात कुठलाही नंबर चालू नये म्हणून एक अट घातली: 6 ते 9 पैकी अंकाने सुरू होणारा दहा आकडी भारतीय मोबाइल असेल तरच वळवायचं. फॉरवर्डच्या कॉलचं बिल वळवणाऱ्याला येतं. कुणी त्या तक्त्यात परदेशी नंबर घातला तर पेढीच्या खर्चाने रात्रभर जगभर फोन होतील. ही अट मी घाईतही विसरलो नाही, एवढं श्रेय स्वतःला देतो.

रात्री साडेअकराला दोन मोबाइल लावले. पहिला तात्यांचा, दुसरा ऑर्डर टेबलावरच्या वहिनींचा. त्या मिरजेत राहतात, तिथे पाणी नव्हतं. तात्यांनी 60 सेकंदांत उचलला नाही किंवा त्यांच्याकडून नकार आला, तर वहिनींना. मोबाइलला रिंग जायलाच वेळ लागतो म्हणून साठ. चार-पाच वेळा लावून बघितलं, तात्यांनी प्रत्येक वेळी उचलला. मी झोपलो.

## शनिवारची सकाळ

शनिवारी पाणी 50 फुटांच्या पुढे गेलं. तात्या पहाटेच वाळवा तालुक्यातल्या आपल्या गावी गेले होते, गुरं हलवायला. तिथे रेंज नव्हती. ठीक आहे, वहिनी होत्याच की.

दहाच्या सुमारास गोदामातून फोन: बाहेर एकही कॉल लागत नाही, बाहेरून येणाऱ्यांना एंगेज. वहिनी मात्र म्हणाल्या, "मी एकाशीच बोलत होते हो. आवाज जरा उशिरा येत होता, एवढंच."

एका कॉलने दहाच्या दहा चॅनल भरले होते.

झालं होतं असं. तात्यांनी काही वर्षांपूर्वी मोबाइलवर **62* चा कोड मारून 'संपर्काबाहेर असेन तेव्हा कॉल पेढीच्या नंबरवर पाठवा' असं लावून ठेवलं होतं. गावी गेले की रेंज नसते, निदान ऑफिसात कुणीतरी उचलेल, हा हिशेब. तो हिशेब तेव्हा बरोबर होता. आता दुकानदाराचा कॉल पेढीवर आला, प्रॉक्सीने तात्यांकडे वळवला, मोबाइल कंपनीने तो पुन्हा पेढीकडे वळवला, प्रॉक्सीने पुन्हा तात्यांकडे. प्रत्येक फेरीला येणारा एक आणि जाणारा एक असे दोन चॅनल. पाच फेऱ्यांत ट्रंक भरली. मग मोबाइल कंपनीला पेढीकडे जायला जागा मिळाली नाही, तिने एंगेज कळवलं, आणि सगळ्यात आतल्या फेरीतल्या प्रॉक्सीने शहाण्यासारखा वहिनींना फोन लावला. वहिनींनी उचलला. दुकानदार आणि वहिनी पाच वेळा आत-बाहेर फिरलेल्या तारेवरून बोलत बसले. तोवर अख्खी पेढी बंद.

फेऱ्या थांबवण्याची सोय सिपमध्ये नाही असं नाही. सिपचे नियम सांगणाऱ्या 2002 च्या आरएफसी 3261 या दस्तऐवजातच मॅक्स-फॉरवर्ड्स हा आकडा आहे. सहसा 70 पासून सुरू होतो, प्रत्येक प्रॉक्सी एक वजा करते, शून्यावर 483 देऊन कॉल मरतो. मी त्याच्यावर निर्धास्त होतो. पण तो आकडा सिपच्या हद्दीतच जिवंत राहतो. कॉल मोबाइलच्या जाळ्यात जाऊन ट्रंकवरून परत आला की माझ्या प्रॉक्सीच्या दृष्टीने तो अगदी नवा कॉल असतो, कोऱ्या 70 सह. आणि असले सत्तर कुठे, आमची ट्रंक पाचांतच बुडाली.

नोंदवहीत खूण स्पष्ट होती, बघायला मी नव्हतो. बाहेरून आलेल्या चार कॉलमध्ये कॉल करणारा म्हणून पेढीचाच नंबर होता. आदल्या रात्री 403 टाळायला मीच तो घातला होता, तोच फिरून घरी आला.

तीच खूण दुरुस्तीला कामी आली. ट्रंकवरून आलेल्या कॉलवर पेढीचा स्वतःचा नंबर दिसला, तर तो कुठेही वळवायचा नाही. लगेच 486, म्हणजे एंगेज. मोबाइल कंपनी तो नकार परत पाठवते, प्रॉक्सी वहिनींकडे वळते. एक फेरी, चार-पाच सेकंद, संपलं. शिवाय एका वेळी वळवलेले कॉल तीनपेक्षा जास्त नकोत अशी मर्यादा घातली, म्हणजे काहीही बिनसलं तरी गोदामाला चार चॅनल राहतील. तात्यांना रेंजमध्ये आल्यावर ##002# मारायला सांगितलं. त्याने मोबाइलवरची सगळी फॉरवर्ड एकदम उतरतात.

त्याच दिवशी एक लहान गोष्ट निस्तरली. मोबाइल बंद असेल तेव्हा 'आपण संपर्क साधू इच्छित असलेली व्यक्ती...' ही टेप 183 च्या उत्तरासोबत वाजते, म्हणजे कॉल जोडला जाण्याआधीच. प्रॉक्सीला आवाज कळत नाही, तिला वाटतं रिंग चाललीय. दुकानदार मात्र टेप ऐकून फोन ठेवतो आणि वहिनींपर्यंत कॉल पोचतच नाही. वळवलेल्या कॉलपुरतं 183 चं साध्या 180 मध्ये, म्हणजे 'रिंग वाजतेय' मध्ये, रूपांतर केलं आणि त्यातला आवाजाचा तपशील काढून टाकला. आता ऐकणाऱ्याला फक्त रिंग ऐकू येते. याला माझा थोडा विरोधच आहे, कारण खरी सूचनाही त्यात दडपली जाते. पण त्या आठवड्यात खऱ्या सूचनेपेक्षा वहिनी महत्त्वाच्या होत्या.

## निकाल

शनिवार दुपारपासून ऑफिस पुन्हा उघडेपर्यंत फोन चालले. कॉल करणाऱ्याचा नंबर दिसत नाही ही तक्रार शेवटपर्यंत राहिली. वळवलेल्या कॉलचं बिल आलं. अण्णांनी काही न बोलता भरलं, आणि त्यांचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

## काय वेगळं करता आलं असतं

शुक्रवारी रात्री मी तात्यांचा मोबाइल चालू असताना चाचणी घेतली. फॉरवर्डिंगची चाचणी ज्याच्याकडे वळवायचं तो बंद असतानाच घ्यायला हवी होती. एकदा "तात्या, फोन बंद करा" म्हटलं असतं तर रात्रीच फेरा सापडला असता.

कुठलाही मोबाइल यादीत घेण्याआधी त्याच्यावर आधीचं फॉरवर्ड आहे का, हे मालकालाच विचारावं लागतं. प्रॉक्सीवरून ते कळायला मार्ग नाही. हल्ली त्यात आणखी एक कारण आहे: फसवणारे लोकांना कोड मारायला लावून त्यांचे कॉल स्वतःकडे वळवतात, म्हणून दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून *401# या कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली.

फोनच्या नोंदणीची मुदत आता तासाऐवजी पाच मिनिटं आहे. बावीस फोनांना त्याचा काही भार नाही. हे आधीच करायला हवं होतं.

एक दोष तर पूर ओसरल्यावर सापडला. विट्याला जुना फोन जोडणारं एक डबडं आहे. ते रिंग वाजत असताना दर दहा सेकंदांनी 180 पुन्हा पाठवतं. कामाइलिओ मूळ सेटिंगमध्ये अशा प्रत्येक उत्तरानंतर 'उचलला नाही'चं घड्याळ शून्यापासून सुरू करतो. वीस सेकंदांची मुदत त्यामुळे कधीच पुरी होत नसे आणि विट्याचा कॉल कधीच वळत नसे. दोन वर्षं! तिथली माणसं फोन लगेच उचलतात म्हणून कुणाला कळलं नाही. एक सेटिंग बंद केलं, सुटलं.

सॉफ्टफोन पुढच्या वर्षी घेतले, तात्यांसकट. कॉल आधी सॉफ्टफोनवर जातो, तो यादीत नसेल तरच ट्रंकवरून मोबाइलकडे. शांत दिवसांत तो अर्धा तास निवांत बसून शिकवता आला. पुराच्या रात्री आला नसता.

आणि जूनच्या पहिल्या रविवारी आता आम्ही ऑफिसचा मेन स्विच पाडून बघतो. पहिल्या वर्षी अण्णा मिरजेत वहिनींच्या घरी चहा घेत पेढीचा नंबर लावत होते, मी कुपवाडला नोंदवही बघत होतो, आणि कॉल काही केल्या वळेना. हरभट रोडला रिकाम्या ऑफिसात टेबलावरचा फोन खुशाल वाजत होता. इन्व्हर्टर बंद करायचा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.